उघडलेले बंद कोण करणार?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा गोंदिया जिल्हा झाला. पुढे आमच्या शाळेत संगणक आला आणि हजेरी-निकालाची पत्रके वहीतून मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये गेली. निकालाच्या आठवड्यात मात्र कधीकधी संदेश येई : आणखी डेटाबेस उघडता येत नाही, त्रुटी ३०४८. मुले दाखल्यासाठी रांगेत उभी आणि फाइल अडकलेली.

या अडचणीचा इतिहास जुना आहे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याचा सिद्धांत दिला. प्रश्न विचारला की उत्तरात एकदम अनेक ओळी येतात. प्रोग्राम मात्र एकेक ओळ हाताळतो. त्याच दशकात आयबीएमच्या ‘सिस्टम आर’ प्रकल्पाने यावर कर्सर वापरला. तो उघडायचा, ओळी घ्यायच्या, बंद करायचा. शेवटचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याकडेच राहिले.

१९५९ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी न वापरलेली मेमरी आपोआप गोळा करण्याची युक्ती काढली होती. पण ती मेमरीपुरती. फाइल किंवा लावलेले कुलूप वेळेवर सुटेल, याची हमी ती देत नाही. १९९२ मध्ये आलेल्या अ‍ॅक्सेसमध्ये रेकॉर्डसेट बंद करणे आपल्यावरच राहिले. जुन्या आवृत्तीत तो उघडा राहिला, तर कधी अ‍ॅक्सेसच बंद होत नसे. नंतर पायथनने २००६ मध्ये आणि जावाने २०११ मध्ये ही जबाबदारी भाषेतच घेतली.

जुन्या फाइलींवर काम करणाऱ्यांनी काय करावे? कोडमध्ये ‘ओपनरेकॉर्डसेट’ शोधा आणि प्रत्येकासमोर त्याचे ‘क्लोज’ आहे का, हे कागदावर मांडा. जोडी नीट दिसली तरी थांबू नका. मध्येच ‘एक्झिट सब’ असेल किंवा त्रुटी आली, तर शेवटची ओळ चालतच नाही. म्हणून बाहेर पडायची वाट एकच ठेवा आणि बंद करणे तिथेच लिहा. संपूर्ण प्रोग्रामसाठी जाहीर केलेले चल वेगळे तपासा. ते काम संपले तरी जिवंत राहतात. जे आपण उघडले तेच बंद करावे, दुसऱ्याचे नाही.

उर्दूत याला अमानत म्हणतात. घेतलेली वस्तू काम संपताच परत केली, तर रांगेतल्या पुढच्या मुलाला दाखला मिळतो.