सुलभ आणि सांघिक

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या ले-आऊटच्या समाजभवनाचं कुलूप मी पहाटे पावणेसहाला उघडते. आधी नऊ खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवायच्या, मग सतरंज्या पसरायच्या. खुर्च्या भिंतीलाच हव्यात. पाठीचा आधार धरून उठताना खुर्ची सरकली तर माणूस पडतो. सहाच्या ठोक्याला प्रार्थना सुरू होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, दुसऱ्या बाळंतपणानंतर कंबर धरलेली सूनबाई, रात्रपाळी संपवून थेट इकडे येणारी एक परिचारिका, अशी आमची मंडळी. कोणी चटईवर, कोणी खुर्चीवर. ज्यांना तेही जमत नाही, ते भिंतीला टेकून उभे राहतात.

नवीन येणारा माणूस दोन-तीन दिवस पाहतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, हे सोपं सोपं ठीक आहे, पण खरा योगा कधी सुरू होणार?" चौदा वर्षांत हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी तो मला लागतो. त्यामागची समजूत अशी की खरा योग म्हणजे डोक्यावर उभं राहणं, आणि आमचं जे चालतं ते म्हाताऱ्यांसाठी पाणी घालून वाढवलेलं ताक. तसं नाही, हे पटवायला मला इतिहासच सांगावा लागतो. हा सोपेपणा आमच्या महाराष्ट्रातल्या काही माणसांनी आयुष्य वेचून मिळवला आहे.

माझ्यासाठी त्याची सुरुवात रामनगरात झाली. तिथलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचं ठिकाण नागपूरच्या बहुतेक घरांना माहीत असतं; कोणाची आई तिथे जात असते, कोणाचे सासरे. जनार्दनस्वामी मूळचे कोकणातले. उतारवयात ते नागपुरात स्थिरावले आणि १९७८ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी एकच ध्यास घेतला : योग घराघरात गेला पाहिजे आणि त्यासाठी कोणाकडून पैसा घ्यायचा नाही. शहरभर मोहल्ल्यामोहल्ल्यांत जे विनाशुल्क वर्ग चालतात, ती त्यांचीच पुण्याई. मंडळाची एक छोटी पुस्तिका आहे, 'सुलभ सांघिक आसने'. मला ती प्रथम मिळाली तेव्हा मी आतल्या आकृत्या पाहिल्या आणि नाव तसंच सोडून दिलं. बऱ्याच वर्षांनी, स्वतः वर्ग घ्यायला लागल्यावर, मला कळलं की सगळी दीक्षा त्या नावातच आहे. 'सुलभ' आणि 'सांघिक', हे दोन्ही शब्द योगाच्या जुन्या जगात सहजासहजी मिळत नव्हते.

'सांघिक'चंच पाहा. 'हठयोगप्रदीपिका' हा हठयोगाचा जुना ग्रंथ साधकाला एकांतातल्या लहानशा मठीत राहायला सांगतो. विद्या गुप्त ठेवायची, गुरूने पारखून एखाद्याच शिष्याला द्यायची. अशा विद्येसाठी मठीतून बाहेर यायचा रस्ता ज्यांनी पाडला, त्यांतलं एक मोठं नाव म्हणजे स्वामी कुवलयानंद. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या व्यायाममंदिरात त्यांनी शरीर घडवलं आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग घेतला. अमळनेरला शिक्षकाचं काम केलं. आखाडा, आश्रम आणि शाळा, तिन्ही या एका माणसात एकत्र आले होते.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. नौली ही पोटाची क्रिया करताना आत काय घडतं हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, आतड्यातला दाब उपकरणांनी मोजला. त्या काळात साधूंच्या विद्येला प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवणं दोन्ही बाजूंना खटकणारं होतं. पण त्यामुळेच डॉक्टर आणि योगी एका खोलीत बसू लागले. १९२७ मध्ये गांधीजी रक्तदाबाने आजारी पडले, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला आणि त्यांच्या सल्ल्याने काही आसनं करून पाहिली. आमच्या वर्गातल्या रक्तदाबवाल्या काकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. आमच्या भागाजवळचाच वर्धा रोड पुढे गांधीजींच्या सेवाग्रामकडे जातो, त्यामुळे त्यांना ती घरची वाटते.

कुवलयानंदांनी १९३० च्या दशकात 'यौगिक संघ व्यायाम' बांधला. शाळेच्या मैदानावर पन्नास-शंभर मुलांनी एका आज्ञेवर करायच्या हालचाली, त्यांचा क्रम, त्यांचा वेग हे सगळं त्यात होतं. एकांतातली विद्या रांगेत उभी राहिली. "श्वास घेत हात वर... सोडत खाली" असं मी रोज सकाळी म्हणते, तेव्हा त्या आवाजात त्या मैदानाचा थोडा तरी अंश असतो, असं मला मनापासून वाटतं.

मात्र संघात एक धोकाही आहे, आणि तो मी माझ्याच चुकीतून शिकले. पहिल्या वर्षी मी चार अंक श्वास घ्यायला आणि आठ अंक सोडायला लावत असे, सगळ्यांना माझ्याच वेगाने. एके दिवशी दम्याचा त्रास असलेले एक काका मोजणी पूर्ण करायच्या हट्टाने घामाघूम झाले, ओठ पांढरे पडले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पंख्याखाली नेलं. ते सावरले, पण मी दोन रात्री झोपले नाही. तेव्हापासून आमच्या वर्गाचा नियम ठरला : सुरुवात सगळ्यांची एक, शेवट ज्याचा त्याचा. मी फक्त आरंभ सांगते. ज्याचा श्वास सहाव्या अंकाला संपला त्याने सहाव्यालाच थांबायचं. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडायचा नाही. काचबिंदू असलेल्यांनी डोकं हृदयाखाली न्यायचं नाही. मणका सरकलेल्यांनी पुढे वाकायचं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी तर कोणीच बंद करायची नाही.

आता 'सुलभ'. हा शब्द मला पुण्याच्या वाटेने नीट उमगला. १९३७ साली बी. के. एस. अय्यंगार नावाचा अवघ्या अठरा वर्षांचा मुलगा सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्यात आला, डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला. त्याला बोलावण्यात निवृत्त सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांचा पुढाकार होता. मराठी येत नाही, इंग्रजी तोडकंमोडकं, आणि शिष्य वयाने मोठे, अंगाने मजबूत. लहानपणी क्षयासारखे आजार भोगलेल्या त्या मुलाला शरीराचं दुखणं आतून ठाऊक होतं. सहा महिने संपले तरी तो पुण्याचाच राहिला. पुढच्या काळात अय्यंगारांनी दोर, लाकडी ठोकळे, लोड, पट्टे आणि साधी घडीची खुर्ची यांना योगाची साधनं बनवलं. ज्याचा हात पायाच्या अंगठ्याला पोचत नाही, त्याच्या हातात पट्टा द्यायचा. अंतर पट्ट्याने भरून काढायचं, दुखण्याने नाही. १९७५ साली पुण्यात त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. तिथल्या उपचारवर्गांत आजारी माणसासाठी आसन बदलतं, आसनासाठी माणूस मोडत नाही. पतंजलींनी आसनाकडून स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या. आमच्या आजी खुर्चीवर ताठ बसून, तळवे मांडीवर ठेवून, कपाळावर आठी न आणता दहा श्वास घेतात, तेव्हा त्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. मग ते खरं आसन नाही असं कोणी म्हणायचं?

इकडे कुवलयानंदांनीही आजाराची बाजू सोडली नव्हती. १९६० च्या दशकात लोणावळ्याला योगाचं रुग्णालय उभं राहिलं आणि १९६३ मध्ये डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासोबतचं त्यांचं योगचिकित्सेवरचं पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यामार्फत प्रसिद्ध झालं. त्यात शरीर आणि मन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं नाही.

मनाच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते परळच्या केईएम रुग्णालयातलं काम. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत चिंता आणि तत्सम त्रास असलेल्या रुग्णांवर पतंजलींच्या पायऱ्यांचा उपयोग करून पाहिला : आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, रोज तासभर, काही आठवडे. त्यांनी तुलनेसाठी दुसरा गटही ठेवला. त्या गटाला दिसायला आसनांसारख्या हालचाली आणि प्राणायामासारखा श्वास दिला, पण लक्ष आत वळवण्याचा भाग दिला नाही. ज्यांना संपूर्ण साधना मिळाली, त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली. १९७३ साली हे काम अमेरिकेतल्या मनोचिकित्सेच्या नियतकालिकात छापून आलं. आमच्या वर्गात मी हालचालीपेक्षा "आता तळव्यांकडे लक्ष द्या, श्वास कुठे स्पर्श करतो ते पाहा" यावर जास्त वेळ का घालवते, याचं उत्तर परळच्या त्या वॉर्डात आहे.

हे सगळं मला माहीत होतं, पण त्याची कसोटी लागली ती २०२१ मध्ये. त्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत नागपूरने काय पाहिलं ते नागपूरकरांना सांगायला नको. वर्ग बंद होते. पावसाळ्यानंतर आम्ही समाजभवनात न बसता बाहेरच्या मोकळ्या जागेत, अंतर ठेवून, पुन्हा सुरुवात केली. सात जण परत आले नाहीत. त्यांतले तीन कायमचे गेले होते.

पहिल्याच दिवशी मी शेवटी नेहमीसारखं शवासन सांगितलं. दोन मिनिटं झाली नसतील, तोच एका कोपऱ्यातून हुंदका आला, मग दुसरीकडून. डोळे मिटून उताणं, निश्चल पडायचं, आणि त्या आसनाचं नाव तसं. ज्यांनी नुकतंच घरातलं माणूस पाठवलं होतं त्यांच्यापुढे मी काय ठेवलं, हे मला तेव्हा कळलं. मी सगळ्यांना हळूच कुशीवर वळून उठायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शवासन बंद. त्याऐवजी पोटावर झोपून मकरासन, किंवा खुर्चीवर बसून, डोळे उघडे ठेवून समोरच्या कडुनिंबाकडे बघत श्वास. त्यानंतर भ्रामरी, कारण हुंकारात स्वतःचा आवाज स्वतःला सोबत करतो आणि शेजारच्याचाही ऐकू येतो. विद्या तीच होती, मी फक्त पट्टा दिला. अंतर दुखण्याने भरायचं नाही, हे मनालाही लागू होतं.

त्या दिवसांत एक बाई येत. पती गेलेले, मुलगा परदेशात. सव्वा महिना त्या फक्त खुर्चीवर बसून राहिल्या. हात वर घेतले नाहीत, डोळे मिटले नाहीत, कोणाशी बोलल्या नाहीत. नव्या एका साधिकेने मला विचारलं, "ह्या काहीच करून नाही राहिल्या, मग येतात कशाला?" मी म्हटलं, "सहा वाजता कुठेतरी आपली खुर्ची मांडलेली असते, म्हणून येतात." मला तेव्हा 'सांघिक' या शब्दाचा तो अर्थ सापडला, जो पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर इतकी वर्षं माझी वाट पाहत होता.

पूर्वी आमच्याकडे उशीर झाला की एकच कारण असायचं, "फाटक पडलं होतं." वर्धा-मुंबईकडच्या गाड्या जाईपर्यंत सगळं मनीषनगर त्या रेल्वे फाटकाशी तिष्ठत उभं राही. मी सांगायची, चिडू नका, स्कूटर बंद करा आणि डबे मोजत श्वास घ्या. आता उड्डाणपूल झाला, डबे मोजायची गरज उरली नाही. आणि परवा, खुर्चीवर नुसत्या बसून राहणाऱ्या त्याच बाई स्वतःहून पुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. माझा घसा बसलेला होता. मी खुणेनेच विचारलं, घेता का? त्यांनी मान हलवली आणि समोर तोंड करून म्हणाल्या, "श्वास घेत हात वर." मग थांबल्या. अंक मोजले नाहीत. एकेकाचे हात आपापल्या वेळी खाली येईपर्यंत त्या नुसत्या उभ्या होत्या, आणि शेवटचे, त्या दम्याच्या काकांचे, हात खाली आल्यावरच त्यांनी पुढची आज्ञा दिली.