आजीच्या पेटीतला वेताळ

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन आलो. आंब्यांसाठी नाही (आंबे खाल्ले, पण कारण ते नव्हतं). आजी जाऊन वर्ष होत आलं होतं आणि टिळक आळीतल्या घराचा माळा आवरायचं काम आईबाबा मी येईपर्यंत पुढे ढकलत होते. पाऊस सुरू व्हायच्या आत कौलं चाळायची, म्हणजे माळा रिकामा पाहिजे. तर अशा अगदी रूक्ष कारणासाठी मी शिडी लावून वर चढलो.

आजीची पत्र्याची पेटी सगळ्यात मागे होती. आत दोन नऊवारी लुगडी, एक पोथी, डांबराच्या गोळ्या, आणि तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. सुतळी सोडली आणि मी तिथेच माळ्यावर मांडी घालून बसलो. इंद्रजाल कॉमिक्स! मराठी! मोजले, सतरा अंक निघाले.

हे अंक जगात शिल्लक असतील असं मला वाटतच नव्हतं. माझ्याकडे एकेकाळी नव्वदच्या आसपास होते. मुंबईचा आतेभाऊ कॉलेजात गेला तेव्हा त्याने उशीच्या अभ्र्यात भरून आणून दिले होते. 1989 ते 1994 या काळात मी ते इतक्या वेळा वाचले की मधली पानं सुटी झाली. 1998 साली माझी दहावी झाली, आणि त्या सुट्टीत बाबांनी सगळी रद्दी काढली. मी विरोध केला नाही. सायन्सला जायचं होतं, कॉमिक्स वगैरे लहान मुलांचं, असं मलाही वाटायला लागलं होतं. त्यानंतर कॉमिक्स नावाच्या गोष्टीला मी हात लावलेला नाही. अधूनमधून सुपरहिरोंचे सिनेमे पाहिले, बस्स.

तर त्या संध्याकाळी माळा तसाच राहिला आणि मी पडवीत बसून सात अंक वाचले. आईने दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेचा सूर अगदी 1991 सालचा होता.

तरुण वाचकांसाठी थोडी माहिती द्यायला हवी, कारण आमच्या टीममधल्या पोरांना विचारलं तर एकालाही इंद्रजाल माहीत नव्हतं. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने मार्च 1964 मध्ये ही मालिका सुरू केली. पहिला अंक फँटमचा होता. त्या वेळी टाइम्समध्ये असलेले अनंत पै या कामात होते. पुढे 1967 साली इंडिया बुक हाऊसतर्फे अमर चित्रकथा सुरू करणारे ते हेच अनंत पै. म्हणजे परक्या फँटमला घरोघर पोचवायला मदत करणारा माणूसच तीन वर्षांनी कृष्णाकडे वळला. (त्या कृष्णाची चित्रं राम वाईरकरांची. सुपंडीला चेहरा दिला तोही त्यांनीच.) इंद्रजाल इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर अनेक भारतीय भाषांतून निघालं, मासिकाचं पाक्षिक झालं, ऐंशीच्या दशकात साप्ताहिक झालं आणि 1990 साली बंद पडलं. तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते.

1990 हे साल मला आत्ता कळलं. म्हणजे मी ज्या काळात एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्याला दर शनिवारी "नवीन इंद्रजाल आलं का?" विचारत होतो आणि तो दर शनिवारी "पुढच्या आठवड्यात बघ" म्हणत होता, त्यातली शेवटची तीन-चार वर्षं इंद्रजाल निघतच नव्हतं! त्याला माहीत होतं की नाही देव जाणे. आणखी एक गंमत म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 मध्ये. रेल्वे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर इंद्रजाल टांगलेलं दिसणं ही बाकी महाराष्ट्राची आठवण आहे, आमची नाही. आमच्याकडे जे काही आलं ते घाट उतरून एसटीने आलं.

आता परत वाचताना, माझ्या धंद्यामुळे असेल, पहिल्यांदा लक्ष गेलं ते लोकलायझेशनकडे. ली फॉकने फँटम निर्माण केला 1936 साली, वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्टीसाठी. रोज तीन-चार चौकटी. काल काय झालं हे विसरलेल्या वाचकासाठी पहिल्या चौकटीत थोडी उजळणी, शेवटच्या चौकटीत उद्याची उत्सुकता. अशा शंभरेक पट्ट्या जोडून एक पुस्तक करायचं म्हणजे उजळण्या कापा, चौकटी लहानमोठ्या करा, पानात बसवा. आणि मग नावं. मूळ कथेतला देश 'बंगाला', जो सुरुवातीला चक्क 'बेंगाली' होता. भारतात तो 'डेंकाली' झाला. मूळचे खलनायक 'सिंग' चाचे, ते इथे 'सिंगा' झाले. पहिल्या फँटमच्या वंशातल्या एकाचा खून करणाऱ्या चाच्याचं नाव मूळ कथेत 'रामा' आहे, त्याचं 'रामालू' केलं. कारण उघड आहे. रामा नावाचा खुनी आणि सिंग नावाचे दरोडेखोर घेऊन भारतात कॉमिक्स विकायला कोण धजेल? आमच्याकडे हल्ली याला मार्केट सेन्सिटिव्हिटी रिव्ह्यू म्हणतात आणि त्याच्या तीन मीटिंगा होतात.

पण या सगळ्यांत भारी काम झालं ते एका शब्दाने. फँटमचं मराठीत 'वेताळ' झालं.

विचार करून बघा. फँटम म्हणजे भूत. सरळ 'भूत' करता आलं असतं. 'छाया' वगैरे काहीतरी गुळमुळीत करता आलं असतं. पण वेताळ म्हटल्यावर वाचकाच्या डोक्यात आधीच एक कोनाडा तयार होता. बहुतेक महाराष्ट्रासाठी तो कोनाडा चांदोबातल्या विक्रम-वेताळाचा, म्हणजे झाडाला लटकणाऱ्या, गोष्ट सांगून प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर मिळालं की परत उडून जाणाऱ्या वेताळाचा. त्याचा आणि जांभळ्या कपड्यातल्या पिस्तूलधाऱ्याचा काही संबंध नाही. पुण्या-मुंबईच्या पोरांनी तो नावापुरता घेतला आणि पुढे गेले.

कोकणात मात्र प्रकरण वेगळं आहे. आजीचं माहेर आरवली, वेंगुर्ला तालुका. हे जयवंत दळवींचं आरवली. आज ते सिंधुदुर्गात येतं, पण 1 मे 1981 पर्यंत सिंधुदुर्ग असा जिल्हाच नव्हता, सगळा रत्नागिरीच. (आजीने ही फाळणी शेवटपर्यंत मानली नाही.) आरवलीचा देव वेतोबा, म्हणजे वेताळ. नऊ-दहा फुटांची उभी मूर्ती, पूर्वी फणसाच्या लाकडाची, आता पंचधातूची. त्याला नवसाला केळ्यांचा घड देतात आणि चपला देतात. चामड्याच्या, हातभर लांब चपला. का? तर वेतोबा रोज रात्री गावाच्या सीमेवर फिरतो, राखण करतो. चालून चालून चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. देवळात त्या जोडांची रांग लागलेली असते. गोव्यातही लोलये, आमोणे अशा गावी बेताळ आहे. घाटावरच्या लोकांना वेताळ म्हटलं की भीती वाटते. आमच्याकडे तो भुतांचा मालक आहे, आणि मालक आपल्या बाजूचा असल्यावर भुतांना कशाला भ्यायचं?

आता फँटम कोण? चारशे वर्षं न मरणारा, रात्री फिरणारा, जंगलाची राखण करणारा. इंग्रजीत त्याचं बिरुदच 'चालणारं भूत' अशा अर्थाचं आहे. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या माणसाने रचलेल्या नायकाचं हे वर्णन आरवलीच्या पुजाऱ्याने ऐकलं असतं तर त्याने फक्त चपलांचं माप विचारलं असतं.

आजीला अक्षरं लावून वाचता यायचं, पण कॉमिक्समधले हाताने लिहिलेले फुगे तिला जमायचे नाहीत. मी दुपारी वाचून दाखवायचो. पहिल्यांदा मुखपृष्ठ पाहिलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यो कसलो रे वेतोबा? चड्डी पँटीच्या वर घातल्यान हा!" पण गोष्ट ऐकायची. मी अंक जमिनीवर टाकला आणि चुकून पाय लागला तर मात्र चिडायची. "पाय लावू नको, देवाचा नाव आसा तेच्यार." आणि मला नमस्कार करायला लावायची. कॉमिक्सला. मी मित्रांना हे कधीच सांगितलं नाही.

बहादूरच्या बाबतीत तिला असलं काही वाटायचं नाही. खरं तर अभिमान बहादूरचा वाटायला हवा होता, कारण इंद्रजालमधला तो अस्सल भारतीय नायक. आबिद सुरतींनी 1976 साली निर्माण केलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला, दरोडेखोराचा मुलगा आणि दरोडेखोरांशीच लढणारा. त्याचं गाव जयगढ. आम्ही पोरं ते बिनदिक्कत आपलं जयगड समजायचो, शास्त्री नदीच्या मुखावरचं, किल्ला आणि दीपगृह असलेलं. जयगडला घोड्यावरचे दरोडेखोर कुठून येणार, बोटीने येतील की, असा आमचा वाद व्हायचा. खरं गाव मध्य भारतात, चंबळच्या बाजूला कल्पिलेलं आहे हे फार उशिरा समजलं आणि थोडा अपमानच वाटला.

असो. सातव्या अंकाशी मी थांबलो त्याचं कारण जेवण हे होतं, पण आणखीही एक होतं. लहानपणी जे दिसलं नव्हतं ते आता प्रत्येक पानावर दिसत होतं. जंगलात एवढी काळी माणसं, वेगवेगळ्या जमाती, त्यांचे राजे, आणि त्या सगळ्यांत न्याय करणारा, तह घडवणारा, आज्ञा देणारा एकच गोरा, पिढीजात गोरा. बुटक्या जमातीची माणसं त्याच्या सिंहासनाभोवती उभी. 1936 साली हे अमेरिकेत कुणाला खटकलं नसेल. पण 1975 साली, स्वातंत्र्य मिळून अठ्ठावीस वर्षं झालेल्या देशात, आपल्यालाही ते का खटकलं नाही? आपण स्वतःला त्या चित्रात कुठे बघत होतो? मी तरी सिंहासनावरच बसलेलो होतो, गुरनच्या शेजारी उभा नव्हतो. हे आठवलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

बदल झाले नाहीत असं नाही. साठच्या दशकात त्या देशाला डॉ. लुआगा हा लोकांनी निवडलेला काळा राष्ट्राध्यक्ष मिळाला. मँड्रेकचा साथी लोथार आधी बिबळ्याचं कातडं पांघरून तुटकं बोलायचा. 1965 च्या सुमारास, फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला लागल्यावर, तो नीट कपडे घालून नीट बोलायला लागला. पण सिंहासन गुहेतून हललं नाही.

आणि मला वाटतं, आपल्याला न खटकण्याचं एक कारण तो शब्दच आहे. वेताळ म्हटलं की तो परका उरत नाही. आरवलीचा वेतोबा कुणावर राज्य करायला समुद्रापलीकडून आलेला नाही, तो गावाचाच. गाव त्याला कौल लावतं, त्याच्याशी भांडतं, नवस फेडायला उशीर झाला तर कारणं सांगतं. त्या नावाबरोबर ही सगळी जवळीक फुकटात त्या गोऱ्याला मिळाली. भाषांतर इतकं चांगलं झालं की मूळ माल काय आहे हे बघायचं राहून गेलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला यश म्हणतो.

हे मी रात्री बाबांना सांगत होतो. त्यांनी गठ्ठा हातात घेऊन एकेक अंक पालथा केला आणि विचारलं, "तुझं ते मँड्रेक होतं ना, टोपीवालं? ते कुठाय?"

नव्हतं. बहादूर नव्हता. फ्लॅश गॉर्डन नव्हता. नव्वदांतले सतरा, आणि सतराच्या सतरा मुखपृष्ठांवर वेताळ हे नाव. 1998 मध्ये रद्दी काढली तेव्हा आजी बाजूला बसून होती, एवढं बाबांना आठवतं. गठ्ठे बांधायला सुतळी तिनेच काढून दिली. त्यातले अंक तिने कधी बाजूला काढले हे त्यांनी पाहिलं नाही. बाकीचे सगळे तिने जाऊ दिले. वेताळाचेही सतराहून जास्त होते, म्हणजे काही तिच्या हातून सुटले असणार. सत्तावीस वर्षं पेटी माळ्यावर होती आणि दर पावसाळ्याआधी ती कुणाला तरी वर चढवून डांबराच्या गोळ्या बदलायला लावायची. कॉलेजच्या सुट्ट्यांत दोनतीनदा मीच चढलो होतो. लुगड्यांसाठी असेल असं वाटलं होतं. तळ कधी पाहिला नाही.

अंक मी पुण्याला घेऊन आलो. तीन अंकांना कसर लागली आहे, एकाचं मागचं पान नाही. एक गोष्ट दोन भागांची आहे आणि तिचा दुसरा भाग गठ्ठ्यात नाही, तो लहानपणीही कधी मिळाला नव्हता. मुलगी नववीत आहे, तिने दोन वाचले, मराठी वाचायचा वेग कमी असल्यामुळे कुरकुरत. मी सिंहासनाचं बोललो तर म्हणाली, "मग ठेवलेत कशाला?"

तिला आरवलीला न्यायचं ठरवलंय, दिवाळीच्या सुट्टीत. अंक सध्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहेत. बायको म्हणाली खाली ठेव, काढायला बरे पडतील. खाली पाय लागतो.