मांजरांच्या रहस्यकथा आणि एक ओंगळ विडंबन

रॉबर्ट कॅपलो यांचे 'द कॅट हू किल्ड लिलियन जॅक्सन ब्रॉन' हे विडंबन २००३ साली अमेरिकेत निघाले. तेव्हा ब्रॉनबाई नव्वदीच्या घरात होत्या, लिहीत होत्या आणि त्यांच्या मांजरांच्या रहस्यकथा लाखो लोक वाचत होते. कॅपलोंनी शीर्षकातच त्यांचा खून पाडला आणि आत बीभत्स, लैंगिक विनोदांची रेलचेल केली. या मालिकेच्या चाहत्यांना ते रुचले नाही. अशा नाराजीला एक तयार उत्तर असते: घरगुती, गोडगोड कथा वाचणाऱ्यांना विनोद सोसत नाही. मला हे उत्तर खोटे वाटते. वाचकांची नाराजी हा एक वाङ्मयीन अभिप्राय होता, आणि तो बरोबर होता. त्याची कारणे या मालिकेच्या इतिहासातच सापडतात.

ब्रॉन यांनी 'डेट्रॉइट फ्री प्रेस' या दैनिकात बरीच वर्षे काम केले. त्यांचे लाडके सयामी मांजर उंच इमारतीच्या खिडकीतून पडून मेले. त्या दुःखातून त्यांनी मांजराची पहिली गुन्हेकथा लिहिली. पुढे १९६६ ते १९६८ या काळात ओळीने तीन कादंबऱ्या आल्या. नायक जिम क्विलरन हा भरघोस मिशांचा बातमीदार, आणि सोबतीला को-को व यम-यम ही सयामी मांजरे. चौथ्या कादंबरीच्या वेळी मात्र बाजार पालटला होता. प्रकाशकांना आता संभोग आणि रक्तपात हवा होता. ब्रॉन यांनी तसे लिहायचे नाकारले आणि हस्तलिखित बाजूला ठेवून दिले. 'द कॅट हू सॉ रेड' ही चौथी कादंबरी १९८६ साली, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी छापली गेली. त्यानंतर मालिका इतकी चालली की २००७ पर्यंत कादंबऱ्यांची संख्या २९ झाली. ज्या मसाल्याला नकार देऊन ही कथा अठरा वर्षे अंधारात राहिली, तोच मसाला कॅपलोंनी तिच्यावर ओतला. यात मूळ पुस्तकांबद्दल नवे काहीच कळत नाही. १९६८ नंतरच्या बाजाराची मागणी तेवढी पुन्हा ऐकू येते.

रहस्यकथेचा वाचक विडंबनाला बिचकत नाही, याला शंभर वर्षांहून जुना पुरावा आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टी 'स्ट्रँड' मासिकात सुरू झाल्या त्याच वर्षी, १८९१ मध्ये, जे. एम. बॅरी यांनी त्यांचे विडंबन केले. बॅरींचेच दुसरे एक होम्स-विडंबन कॉनन डॉयल यांनी आपल्या आत्मचरित्रात आवर्जून छापले आणि सगळ्या विडंबनांत ते सरस ठरवले. अॅगाथा ख्रिस्ती यांनी १९२९ च्या 'पार्टनर्स इन क्राइम'मध्ये समकालीन गुप्तहेरांच्या नकला केल्या आणि स्वतःच्या प्वारोलाही सोडले नाही. आपल्याकडे अत्र्यांची 'झेंडूची फुले' टिकली, कारण रविकिरण मंडळाच्या कवितेची नस त्यांना अचूक ठाऊक होती. हे सगळे विडंबनकार मूळ रचनेच्या आत शिरून बोलतात.

यावर एक वजनदार आक्षेप येईल. अश्लीलता हा विडंबनाचा दोष कसा? रिचर्डसनची 'पॅमेला' १७४० मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी फील्डिंगने 'शॅमेला' लिहून तिचे धिंडवडे काढले, तेही बिनदिक्कत चावटपणाने. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यातूनच मुद्दा स्पष्ट होतो. पॅमेलाचे शील शेवटी धनाढ्य मालकाशी लग्न होण्याच्या कामी येते; हा व्यवहार रिचर्डसनच्या कादंबरीतच दडलेला होता. फील्डिंगच्या चावटपणाने तो उघडा पाडला. ब्रॉन यांच्या कादंबऱ्यांत मात्र वासना लपवलेली नाही, ती मुळात विषयच नाही. तिथे बोट ठेवून काय उघडे पडणार?

उघडे पाडण्यासारखे दुसरे पुष्कळ होते. संशय आला की क्विलरनच्या मिशा शिवशिवतात. को-को फळीवरून पुस्तक पाडतो आणि त्याच्या नावात खुनाचा धागा सापडतो. सगळ्यापासून दूर असलेल्या मूस काउंटीत माणसे वरचेवर मारली जातात, तरी गावकऱ्यांची सुखाची झोप मोडत नाही. नायकाला अफाट वारसा मिळतो आणि पैशाची चिंता कथेतून कायमची जाते. शेवटच्या कादंबऱ्यांत तर रहस्य इतके पातळ होते की खून आगंतुक वाटतो. या मालिकेवर मनापासून प्रेम करणाऱ्या वाचकालाही हे दिसते, आणि कुणी ते नेमके दाखवले असते तर तोच सर्वांत आधी हसला असता. जिवंत, वृद्ध लेखिकेचे नाव मृत म्हणून मुखपृष्ठावर घालण्याचा अधिकार कॅपलोंना होता, यावर माझा वाद नाही. पण त्या अधिकारातून त्यांनी जे लिहिले त्यात ब्रॉन यांच्या पुस्तकांचे वाचन फार थोडे आहे, आणि विडंबन म्हणून ते तिथेच फसते.