मागच्या पानापासून

नोकरी.कॉमची गोष्ट बहुतेक जण १९९७ पासून सांगतात. मला विचाराल तर ती सुरू होते बरीच आधी, हॉर्लिक्स विकणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात. संजीव बिखचंदानी तिथे मार्केटिंगमध्ये होते. ‘बिझनेस इंडिया’चा नवा अंक आला की सहकारी तो मागून उघडायचे, कारण नोकरीच्या जाहिराती मागे! आणि हे सगळे चांगल्या पगारावरचे लोक हं. (आपण तरी शुक्रवारी दुपारी वेगळं काय करतो म्हणा...)

१९९० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे कित्येक वर्षं घर चाललं ते बायकोच्या पगारावर. यशोगाथांमध्ये ही वर्षं एका ओळीत उरकतात. १९९६ साली दिल्लीतल्या एका प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पाहिलं आणि ती मागची पानं आठवली. सर्व्हर अमेरिकेत, तिथल्या भावाच्या मदतीने भाड्याने घेतलेला. पहिल्या जाहिराती चक्क वर्तमानपत्रांतून उतरवून घेतलेल्या. आपल्यासारखे कोडवाले नाक मुरडतील असंच सगळं!

२००० मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटत असतानाच आयसीआयसीआयचे सुमारे ७.३ कोटी रुपये आले. बाकीचे होर्डिंगवर पैसे उडवत होते. यांनी बरेचसे बँकेत ठेवले आणि कंपन्यांच्या पायऱ्या झिजवणारी विक्रीची माणसं नेमली. २००६ मध्ये शेअर बाजारात उतरले.