वाया जाणारा उजेड

आमच्या बेलपाड्याहून शीव-पनवेल रस्त्याने निघालो आणि खाडीपूल ओलांडला, की डाव्या हाताला ट्रॉम्बे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले काही शास्त्रज्ञ जून १९८६ मध्ये इंदूरला गेले. होळकरांच्या या नगरीत मराठी बिऱ्हाडे पूर्वीपासूनच आहेत. पण ही मंडळी गेली ती उजेड निर्माण करायला!

हा उजेड प्रथम दिसला २४ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबकाने वळवले, की तो वळणावर प्रकाश सांडतो. यालाच सिंक्रोट्रॉन प्रकाश म्हणतात. यंत्र चालवणाऱ्यांना ती ऊर्जेची गळतीच वाटे. पुढे उमगले, की याच गळतीतल्या प्रखर क्ष-किरणांनी प्रथिनांची आणि धातूंची अंतर्रचना उलगडता येते.

इंदूरला पायाभरणी झाली १९८४ साली. डॉ. दिलीप भवाळकर पहिले संचालक. १९९९ मध्ये 'इंडस-१' उजळले, २००५ मध्ये सुमारे १७२ मीटर घेराचे 'इंडस-२'. त्याच वर्षी संस्थेला राजा रामण्णांचे नाव मिळाले. ते २००४ मध्येच निवर्तले होते. आज देशभरातले संशोधक आपले नमुने घेऊन तिथे जातात.

पायाभरणीपासून 'इंडस-२'पर्यंत एकवीस वर्षे गेली. या काळात लोकसभेच्या सात निवडणुका झाल्या, सरकारे बदलली. मला या इतिहासात मोलाची वाटते ती ही चिकाटी. विज्ञानाकडे झटपट फळ मागताना हा हिशेब ध्यानात ठेवावा.