म्योडलारॉइटची भिंत: एका ओढ्याची कुळकथा

म्योडलारॉइट हे जर्मनीतलं जेमतेम पन्नास वस्तीचं गाव. शेतं, गोठे, एक तळं आणि गावाच्या मधून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. ओढा इतका अरुंद की तरुण माणूस एका उडीत पलीकडे जाईल. 1966 साली पूर्व जर्मनीने या ओढ्याकाठी सातशे मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत घातली. तेव्हापासून अमेरिकन सैनिक या गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले. हे टोपणनाव एवढं रुजलं की गावाची भिंत म्हणजे बर्लिनच्या भिंतीची धाकटी बहीण, असंच सगळे धरून चालतात.

मला हे मान्य नाही. माझ्या मते या भिंतीचं कूळ शीतयुद्धाच्या फार मागे जातं, आणि त्याचा पुरावा गावातच उभा आहे: ओढ्याकाठचे 1810 सालचे सीमेचे दगड. त्यांच्या एका अंगावर ‘के बी’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे बव्हेरियाचं राज्य. दुसऱ्या अंगावर ‘एफ आर’, म्हणजे रॉइसचं संस्थान. भिंत उभी राहिली ती या दगडांच्याच ओळीने.

आता 1810 हेच साल का, ते पाहू. ओढ्याच्या दक्षिणेचा मुलूख पूर्वी बायरॉइटच्या मार्ग्राफांचा, म्हणजे तिथल्या संस्थानिकांचा, होता. वाग्नरच्या संगीतामुळे आज जगाला ठाऊक असलेलं बायरॉइट ते हेच. (दोन्ही नावांच्या शेवटी येणारं ‘रॉइट’ म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जागा.) 1791 साली शेवटच्या मार्ग्राफाने हा मुलूख प्रशियाच्या हवाली केला. पुढे प्रशिया नेपोलियनकडून हरला, 1807 च्या टिल्सिटच्या तहात बायरॉइट फ्रेंचांकडे गेलं, आणि तीन वर्षांनी नेपोलियनने ते दीड कोटी फ्रँकला बव्हेरियाला चक्क विकलं. नव्या मालकाने हद्दीवर आपली अक्षरं कोरलेले दगड रोवले. ओढ्यापलीकडे रॉइस संस्थान होतं. त्या घराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिख, फरक फक्त क्रमांकाचा.

इथे जाणकार मला अडवतील. ते म्हणतील, टानबाख तर सोळाव्या शतकापासूनच बायरॉइट आणि रॉइस यांच्यामधली हद्द होता. मग 1810 ला एवढं महत्त्व कशाला? नुसती दगडांवरची अक्षरं बदलली! आक्षेप वजनदार आहे, आणि त्यातलं पहिलं विधान शंभर टक्के खरं आहे.  पण रेघ जुनी असणं वेगळं आणि त्या रेघेला पुढे जे वजन आलं ते वेगळं.

त्यासाठी 12 सप्टेंबर 1944 च्या लंडनच्या करारापाशी यावं लागतं. युद्ध संपल्यावर जर्मनीचे विभाग कसे पाडायचे, हे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्या प्रतिनिधींनी तिथे ठरवलं. सोव्हिएत विभागाची हद्द सांगताना त्यांनी नकाशावर नवी रेघ मारली नाही. थुरिंगियाची (रॉइस संस्थान पुढे ज्या राज्यात गेलं त्याची) पश्चिम सीमा आणि तिथून पुढे चेकोस्लोव्हाकियापर्यंत बव्हेरियाची उत्तर सीमा, असं त्यांनी ठरवलं. टानबाखचं नाव त्यात नाही, पण म्योडलारॉइटपुरती बव्हेरियाची उत्तर सीमा म्हणजे हा ओढाच. आणि ओढा बव्हेरियाची सीमा झाला तो नेपोलियनच्या त्या विक्रीमुळे. तो सौदा झाला नसता, बायरॉइट प्रशियाकडेच राहिलं असतं, तर ‘बव्हेरियाची उत्तर सीमा’ या शब्दांचा अर्थ खूप दक्षिणेला सरकला असता आणि जवळचं होफ शहरसुद्धा सोव्हिएत विभागात गेलं असतं, असं मी ठामपणे म्हणतो.

साक्षीदार हवा असेल तर कोबुर्गचं संस्थान आहे. पहिल्या महायुद्धानंतर राजेरजवाडे गेले, छोटी संस्थानं एकत्र येऊन 1920 साली थुरिंगिया राज्य झालं, रॉइसही त्यात गेलं. कोबुर्गच्या लोकांनी मात्र 30 नोव्हेंबर 1919 ला मतदान करून थुरिंगियाला नकार दिला आणि ते बव्हेरियाला जोडले गेले. पंचवीस वर्षांनी त्याच मतांमुळे कोबुर्ग अमेरिकन विभागात आलं. उलटा दाखला ऑस्टहाइमचा देतात: हे थुरिंगियाचं गाव असूनही ते बव्हेरियाकडे गेलं. पण ऑस्टहाइम चहूबाजूंनी बव्हेरियाने वेढलेलं होतं. त्या एका अपवादाने माझा सिद्धांत कोसळत नाही.

आणि ज्या बर्लिनचं उदाहरण सगळे देतात, तिथे तरी वेगळं काय घडलं? तिथल्या विभागांच्या हद्दीही 1920 च्या महानगर कायद्याने आखलेल्या प्रभागांच्याच होत्या. म्हणजे कूळ शोधायचं झालं तर दोन्ही भिंतींचं मूळ दप्तरातल्या जुन्या हद्दींतच सापडतं.

बाकीचा इतिहास परिचित आहे. 1945 पर्यंत या हद्दीचा गावाला काच नव्हता: शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या काठावर, तर चर्चसाठी सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जात. युद्धानंतर सोव्हिएत सैनिक बव्हेरियाच्या काठावरही येऊन बसले होते, पण 1946 मध्ये ते मागे फिरले, थेट दगडांच्या रेघेपर्यंत. माझ्या दृष्टीने हा फार बोलका तपशील आहे. 1952 साली पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आणि फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तार, मग भिंत. पूर्वेच्या लोकांना पलीकडच्या सख्ख्या नातेवाइकांना हात करायचीही मनाई होती. 1983 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश भिंत पाहून गेले. बर्लिननंतर बरोबर एका महिन्याने, 9 डिसेंबर 1989 ला, इथे पायी ये-जा सुरू झाली आणि 17 जून 1990 ला बुलडोझरने भिंत पाडली. तिचा शंभरेक मीटरचा तुकडा राखून ठेवला आहे. त्याच्या भोवती आज संग्रहालय आहे, टेहळणीचा मनोरा आहे, तारांचं कुंपण आहे. भेट देणारे बहुतेक जण तेवढंच पाहून परततात. तुम्ही कधी गेलात तर ओढ्याकाठचे दगड आधी शोधा.

कारण भिंत गेली तरी रेघ कायम आहे. गावाचा एक भाग ट्योपेन या बव्हेरियातल्या ग्रामपालिकेत, दुसरा थुरिंगियातल्या गेफेल शहरात. पिनकोड दोन, फोनचे कोड दोन, महापौर दोन. एका काठावरच्या गाड्यांच्या पाट्यांवर होफ जिल्ह्याची अक्षरं, दुसऱ्यावर झाले-ऑर्ला जिल्ह्याची. बव्हेरियाच्या काठावर लोक भेटल्यावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, थुरिंगियाच्या काठावर ‘गुटेन टाग’. आणि विधानसभेची निवडणूक आली की एका काठाची मतं म्युनिकच्या विधानसभेसाठी पडतात, दुसऱ्याची एर्फुर्टच्या.