स्वप्नाची नोंद आणि कवित्वाचा अधिकार : इंद्रायणीकाठचे तीन दृष्टांत

मराठीत ‘दृष्टांत’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. अलंकारशास्त्रात आणि महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’सारख्या ग्रंथात दृष्टांत म्हणजे सिद्धांत पटवून देणारे उदाहरण, लोकव्यवहारात मात्र देवाने किंवा संताने स्वप्नात येऊन दिलेला संकेत हाही दृष्टांतच. हा केवळ शब्दार्थाचा योगायोग नाही. उदाहरण हे दुसऱ्यासाठी असते. स्वप्नालाही तोच शब्द लावणाऱ्या परंपरेने स्वप्नाकडे निव्वळ खाजगी घटना म्हणून पाहिलेले नाही. ते सांगितले गेले पाहिजे, ऐकले गेले पाहिजे, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे. मध्ययुगीन मराठी काव्यातील स्वप्ननिवेदनांचा विचार या अपेक्षेपासून सुरू व्हावयास हवा.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधून वाहणाऱ्या इंद्रायणीच्या काठी अशी तीन निवेदने एकत्र येतात. त्यांपैकी एका स्वप्नाचे स्थळ आळंदी आहे, दुसऱ्याचा द्रष्टा देहूचा आहे, तर तिसरे स्वप्न कोल्हापुरात पडून त्याची वाट देहूला पोहोचते. तिन्ही स्वप्ने अभंगांत नोंदली गेली आहेत, आणि तिन्हींत प्रश्न एकच आहे : शब्दाला हात घालण्याचा अधिकार कोणाचा?

पहिले निवेदन एकनाथांच्या गाथेत आहे. ज्ञानदेव स्वप्नात येतात आणि अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागली असून आळंदीला येऊन ती काढावी, असे सांगतात. एकनाथ आळंदीस येतात. तेथे त्यांना नदीत द्वार दिसते आणि ज्ञानेश्वरांची भेट घडते. पुढे रूढ झालेल्या कथेत एकनाथांचाच घसा दुखू लागतो. अभंगात मात्र पीडा ज्ञानदेवांच्या कंठाची आहे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. कंठ हे वाणीचे स्थान. ज्ञानेश्वरीच्या संहितेत पाठांतरामुळे जी अशुद्धे शिरली होती, त्यांचेच रूप या मुळीत पाहता येते. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या त्यांच्या ओव्यांत शक, संवत्सर, स्थळ, मूळ ग्रंथाची शुद्धता आणि पाठभेदांचे कारण हे सर्व येते. पदरच्या ओव्या घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो, असा इशाराही येतो. स्वप्न मात्र तेथे येत नाही. संपादकाचा अधिकार अभंगात स्वप्नावर उभा आहे, तर संहितेच्या शेवटी तो केलेल्या कामावर उभा आहे. एकाच व्यक्तीच्या नावावरील या दोन नोंदी परस्परांना छेद देत नाहीत. दोन वेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरे आहेत : हे काम का केले आणि ते कसे केले.

दुसरे निवेदन तुकारामांचे. त्यांच्या अभंगांत दोन स्वप्ने आहेत. एका स्वप्नात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात, कवित्व करण्याचे काम सोपवतात आणि शतकोटींच्या संख्येतील उरलेला भाग तुकारामांच्या वाट्याला देतात. दुसऱ्यात स्नानाला जात असताना वाटेत गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही परंपरा व बाबाजी हे आपले नाव सांगतात आणि ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र देतात. तिथी माघ शुद्ध दशमी आणि वार गुरुवार, एवढी नोंद आहे, वर्ष नाही. तिथी-वार जुळवून ते वर्ष ठरवण्याच्या प्रयत्नात अभ्यासकांत मतभेद झाले. परंतु वाङ्मयदृष्ट्या अधिक बोलका तपशील दुसराच आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. हा विसर कोणत्याही सिद्धांताला उपकारक नाही. गुरूचा महिमा त्याने वाढत नाही आणि शिष्याचे तर उणेच दिसते. फ्रॉइडने १८९९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या स्वप्नविषयक ग्रंथात जागेपणी स्वप्नाला सुसंगती देणाऱ्या संस्करणाचा विचार मांडला आहे. त्या दृष्टीने पाहता, संस्करणातून निसटून राहिलेला हा खडा आहे. त्यावरून स्वप्न ‘खरे’ पडले असे सिद्ध होत नाही; निवेदकाने ते गुळगुळीत करून घेतलेले नाही, इतके मात्र निश्चित म्हणता येते.

या स्वप्नांची जागा तुकारामांच्या आत्मपर अभंगात स्पष्ट होते. तेथे आपण होऊन बोलणे योग्य नव्हे, संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशी भूमिका आहे. जात, व्यवसाय, दुष्काळ, देवळाचा जीर्णोद्धार आणि संतवचनांचे पाठांतर यांनंतर स्वप्नातील उपदेश येतो. त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती, मग निषेधाचा आघात आणि वह्यांचे बुडणे. हा क्रम निर्णायक आहे. शूद्र म्हणवणाऱ्या कवीला ज्या समाजात कवित्वासाठी जाब विचारला जातो, तेथे स्वप्न हे त्याचे आज्ञापत्र ठरते. परंतु हे आज्ञापत्र साक्षीदाराविना आहे, म्हणून ते खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. त्याची कसोटी लागते ती पुढच्या कवितेवर. तुकारामांनी ती कसोटी टाळलेली नाही.

तिसरे निवेदन बहिणाबाईंचे. १६२८ मध्ये जन्मलेली ही ब्राह्मण स्त्री कोल्हापुरात जयराम गोसाव्यांच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकते. आवडते वासरू मरते आणि ती बेशुद्धावस्थेत पडते. पुढे कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकाराम स्वप्नात येऊन मस्तकावर हात ठेवतात, कानात मंत्र सांगतात आणि मंत्रगीता नावाचे पुस्तक देतात. गुरूस्वप्नाचा साचा तोच आहे : हात, मंत्र, तिथी, वार. तुकारामांना स्वप्नात गुरू मिळाला. येथे तुकारामच दुसऱ्याच्या स्वप्नातील गुरू झाले आहेत, आणि तेही १६५० पूर्वी, स्वतः हयात असताना. स्वप्ननिवेदन हा एका पिढीच्या आतच अनुकरणीय वाङ्मयप्रकार बनला होता, याचा हा पुरावा मानावयास हरकत नाही.

अनुकरणाची किंमत मात्र बहिणाबाईंना वेगळी मोजावी लागली. शूद्राने स्वप्नात येऊन आपल्या पत्नीला बिघडवले, हा वैदिक पतीचा संताप, मारहाण आणि नंतर आजारपणातून आलेला पश्चात्ताप हे सर्व त्यांनी आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. येथे स्वप्न सांगणे हेच धाडस आहे. पतीच्या परवानगीशिवाय घराबाहेर न पडू शकणाऱ्या स्त्रीला स्वप्न ही एकच जागा अशी होती की जेथे तिने स्वतः गुरू निवडला. त्या निवडीवर पुढे कुटुंबासह देहूचा प्रवास झाला आणि तेथे मंबाजीचा जाचही सोसावा लागला. तरीही तुकारामांविषयीची समकालीन साक्ष म्हणून आज अभ्यासक ज्या निवेदनाकडे वळतात, ते या स्वप्नाच्या वाटेनेच आलेले आहे.

महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) संतचरित्रे चमत्कारांच्या मालिकेत बसली. तेथे स्वप्न हे देवाच्या कृपेचे प्रमाण होते. सांगणाऱ्याची भीती, विसर आणि जोखीम मागे पडतात. आधुनिक समीक्षेने चमत्कार नाकारताना अनेकदा स्वप्नही त्याच टोपलीत टाकले. या दोन्ही वाचनांत प्रथमपुरुषी निवेदनाचे विशिष्टत्व हरवते. स्वप्न पडले का, हा प्रश्न साहित्येतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. ते कोणी, कोणाला आणि कोणत्या आरोपाच्या छायेत सांगितले, हा प्रश्न मात्र त्याच्या केंद्राशी आहे.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे हा परिसर कारखान्यांचा पट्टा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच पट्ट्याच्या कडेला देहू आणि आळंदी आहेत, आणि वारीत ही निवेदने आजही गायिली जातात. संपादक, शूद्र कवी आणि विवाहित स्त्री या तिघांनी आपले सर्वांत खाजगी असे जे काही होते, ते सर्वांसमक्ष ठेवले. अधिकार देणारी संस्था जेव्हा दार बंद करते, तेव्हा माणूस अधिकार कोठून आणतो, याचे ते तीन दृष्टांत आहेत. शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.